वाडीच्या तारेवर माझी सही

विंझर गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात आमची वाडी. खाली वीज येऊन जुनी झाली होती. आमच्याकडं मात्र खांब येणार, येणार, एवढंच चाललेलं. मला वीज दिव्यापेक्षा गिरणीसाठी हवी होती. दळण डोक्यावर घेऊन डोंगर उतरायचा, गिरणीत ताटकळायचं आणि तेच पीठ घेऊन पुन्हा चढायचं. पावसाळ्यात वर पोचेपर्यंत निम्म्या पिठाचा लगदा झालेला असायचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक दिवस खांबांऐवजी जीप आली. पायवाटेपासून गड्यांच्या खांद्यावरून सोलरच्या प्लेटा वर आल्या. घरटी एक प्लेट, एक बॅटरी, दोन दिवे. सोबत वीज कचेरीतले तरुण साहेब आणि त्यांच्या हातात एक फॉर्म.

आता त्या वेळची मी कोण, ते सांगायलाच हवं. सातवी पास, बचत गटाची अध्यक्ष! बाकीच्या बाया अंगठा लावायच्या, मी सही करायची. सहीही अशी, की शेवटच्या अक्षराला कागदाच्या कडेपर्यंत शेपूट. साहेबांनी विचारलं, "वाडीच्या वतीनं कोण सही करणार?" मी पदर खोचून पुढं झाले, जशी काही तहसीलदारच. फॉर्म वाचला का? छे! वाचत बसले असते, तर तोवर लोकांचं माझ्या सहीवरून लक्ष नसतं का उडालं?

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यावरून म्हणाल्या, "अगं, वाच तरी."

"त्यात काय वाचायचं, आत्याबाई? सायेब शिकल्यालं हायती."

उन्हाळ्यात दिवे झकास लागले. प्लेट अंगणात दांड्यावर, हाताला येईल अशी. काच तव्यासारखी तापायची. माझ्या सुपीक डोक्यात आलं, एवढी गरम जागा रिकामी कशाला ठेवायची? घातले तिच्यावर नाचणीचे पापड वाळत. ते काचेला असे चिकटले, की खरवडून काढावे लागले. संध्याकाळी दिवा मिणमिणला, तर मी वाडीभर सांगत सुटले, "बॅटरी फसवी निघाली!"

"बॅटरीनं पापड खाल्लं असतील, बाय," आत्याबाई म्हणाल्या.

मग आषाढ लागला. आमच्याकडं पाऊस आडवा येतो. भिंती भिजू नयेत म्हणून घराला बाहेरून गवताच्या ताट्या बांधतात, आणि मग आत भरदुपारी माणूस माणसाला ठेचकाळतं. ऊन तर आठवडेच्या आठवडे नाही. दिवा सगळ्यात जास्त लागतो त्याच दिवसांत तो मेलेला. घरातले दोन दिवे धड लागेनात, तिथं गिरणी कुठली चालायला?

आम्ही पाच जणी कचेरीत गेलो. "खांब कधी?" म्हणून विचारलं. साहेबांनी फाईल काढली. फॉर्मवर लिहिलेलं, की सोलर मिळाल्यामुळं वाडीस तारेची गरज उरलेली नाही. म्हणून खांबांच्या यादीतून आमची वाडी उडवलेली. खाली माझी सही, शेपटासकट. बरोबरच्या बायांनी माझ्याकडं असं बघितलं, की त्या फाईलीतच शिरून बसावंसं वाटलं.

त्यावर आणखी साहेब म्हणाले, "तुम्ही प्लेटवर पापड वाळवता म्हणे. मग दिवा कसा लागेल?"

तिथं माझी लाज संपली. "वाळवलं. म्याच वाळवलं, येडी होते. पर सायेब, आषाढात कोण पापड वाळवतंय? तुमी चैतात येऊन दिवा लावून दाखवला. आता या की!"

ते काही येईनात. मग आम्ही दर बाजाराच्या दिवशी ओली इरली घेऊन कचेरीच्या व्हरांड्यात बसायला लागलो. फरशीवर तळं साचायचं. तिसऱ्या बाजाराला साहेब निघाले.

वर आले ते नखशिखांत भिजून. दुपारचे बारा. घरात बसवलं, चहा दिला, दिवा लावला. विडीच्या टोकाएवढा लाल ठिपका.

"सायेब, त्यो फॉर्म आणलाय न्हवं? तेवढा वाचून दाखवा. तवा म्या वाचला न्हवता."

साहेबांनी कागद नाकाशी धरला. मग दिव्याशी नेला. मग उठून दाराकडं निघाले.

"कुठं निघालासा?" आत्याबाई म्हणाल्या. "दिवा हितं हाय."

साहेब हसले. माणूस बरा होता. दारातल्या उजेडात बसून त्यांनी नवा कागद लिहिला, की पावसाळ्यात सोलर पुरत नाही, वाडीस तार हवी. मी तो दोनदा वाचला. गिरणीचा शब्द नव्हता, तो घालायला लावला. मग सही केली.

तार यायला आणखी तीन पावसाळे गेले. गिरणी सुरू झाली. पण पहिल्याच श्रावणात खाली कुठं झाड पडलं आणि तार तुटली, ती आठवडाभर तशीच. तेव्हा ढगांच्या फटीतनं मिळेल तेवढं ऊन पिऊन प्लेटनंच घर सांभाळलं.

दिवाळीनंतर कचेरीतला दुसराच एक माणूस हातात पाना घेऊन आला. "मावशी, तार आली ना? आता प्लेटा परत द्या. एका घराला एकच योजना."

मी प्लेटेपुढं जाऊन उभी राहिले. "तार मागितली तवा म्हणालात, प्लेट हाय की. आता प्लेट ठेवतो म्हणतोय, तर म्हणता तार हाय की. दोन्ही ऱ्हाणार."

"नियमात बसत नाही, मावशी."

"मग ज्यानं नियम केला त्याला एक पावसाळा हितं ऱ्हायला धाडा. भाकरी आमी घालू. त्यो म्हणला काढा, तर म्या सोता काढून दीन."

त्यानं पाना पिशवीत टाकला आणि डोंगर उतरला. अजून तरी कुणी राहायला आलेलं नाही.