शांताकाकूंनी पाहिलेला सिनेमा

पोलीस आणि गुंडटोळ्यांवरचा तो कन्नड सिनेमा बेळगावात गाजत होता. त्यातला गुंड माझ्या शेजारच्या शांताकाकूंच्या मुलावर, सुरेशवर बेतलाय, अशी बोलवा होती. सुरेश पोलिसांच्या गोळीनं मेला होता. काकूच म्हणाल्या, "मला ने की बघायला."

दुपारच्या खेळाला गेलो. सिनेमा बंद पाडा म्हणून काहीजण थिएटरबाहेर घोषणा देत होते. काकू पदर सावरत त्यांच्यामधून आत शिरल्या.

पडद्यावर इन्स्पेक्टरनं गोळी झाडली आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं टाळ्या वाजवल्या. तिचं तरी काय चुकलं? असल्या माणसांनी किती घरं उजाड केली होती. पण माझ्या हातातला काकूंचा हात गार पडत गेला. माणसाच्या वाईटपणाबद्दल सारं गाव बोलतं, त्याच्यासाठी रडायला मात्र एकच घर उरतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काकू, त्रास झाला का?"

"त्यानं केलं ते वाईटच केलं," त्या म्हणाल्या. मग चालता चालता थांबल्या. "पण एवढ्या मोठ्या पिक्चरमध्ये त्याला आई कशी नाही गं दाखवली?"