शेवंतीकाकीच्या तीन पोरी

वेसाव्याला शेवंतीकाकीच्या घरी पाहुण्याला खुर्ची मिळायची आणि घरच्याला काम. मला पहिल्याच दिवशी काम मिळालं.

मी चौथीत होते. आई नर्स, तिची दुपारपाळी होती. म्हणून शाळा सुटल्यावर वर्गातली कल्पिता मला तिच्या घरी घेऊन गेली. तिची आई, शेवंतीकाकी, बाजारात मासळी विकून नुकतीच आली होती आणि ओटीवर जवळा निवडत बसली होती. वर न बघताच तिनं एक सूप माझ्यापुढे सरकवलं.

"कचरा काढ गो. बोटं चालव, तोंड नको. नाव काय तुझं?"

"संघमित्रा."

"येवढी लांब हाक मारेपर्यंत पोरगी खाडीत जायची. संगू."

त्यानंतर बारा-तेरा वर्षं मी त्या घरात संगू होते. बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकायला टांगताना एखादा खाली पडला की कल्पिताच्या पाठीत धपाटा बसे, आणि माझ्या हातून पडला की माझ्या. ताटात मात्र काकी मला आधी वाढायची, कल्पिता कुरकुरली की म्हणायची, "तू रोजची हायस, गप." दहावीच्या पहिल्या पेपराला टोपली शेजारणीच्या हवाली करून ती आम्हांला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आली. अंबाड्यात अबोलीची वेणी, हाताला लिंबू चोळलेलं. वॉचमननं विचारलं, "दोघी तुमच्याच?"

"नाय तर काय, उसन्या आणल्यात?"

मी आठवीत असताना कल्पिताच्या थोरल्या बहिणीचं, सुलक्षणाचं लग्न झालं होतं. हळदीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायला सोनूबाई आली होती. कोळ्यांच्या घरात ही धवलारीण गाते तेव्हा घरातल्या माणसांची एकेक करून नावं घेते. ज्याचं नाव गाण्यात आलं, ते माणूस मांडवात आलं असं धरायचं. काकी तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली आणि मुलींच्या पाळीला सोनूबाईनं गायलं: सुलक्षणा, कल्पिता, संगू.

एक बाई हसली. "शेवंते, ही तिसरी कवा झाली गो?"

"झाली. तुना आवतन देऊन व्हायाची होती काय?"

दोन वर्षांपूर्वी काकी गेली. माझी एम. ए.ची परीक्षा चालू होती. दुपारी पेपर संपवून पोचले तेव्हा काकीला नेऊन ओटी धुऊन झाली होती. नंतर कल्पिता भेटायची ती स्टेशनवर, कॉफीच्या दुकानात. घरी ये म्हणायची. मी टाळत राहिले. कल्पिता माझी मैत्रीण होती, पण त्या घरात मला घेतलं होतं तिच्या आईनं. ती नसताना मी तिथं कोण होते? खुर्ची पुढे आली असती तर मला बसवलं नसतं.

या फेब्रुवारीत कल्पिताची हळद होती, तेव्हा मात्र जावंच लागलं. मांडवात शिरले तर तिच्या आत्यानं खरंच खुर्ची पुढे केली. मी उभीच राहिले. मग तिनं हातात वही दिली. "तू शिकलेली ना? सोनूबाईला आता नावं आठवत नायत. घरातली नावं लिही आणि बाजूला बसून तिला सांग."

मी लिहीत गेले. कल्पिताचे वडील अनंता, काका, आत्या, जावई. मुलींच्या ओळीत सुलक्षणा, कल्पिता लिहिलं आणि पेन थांबलं. दुसऱ्याच्या घराच्या यादीत आपलं नाव आपणच कसं घालायचं? मी पुढच्या ओळीवर गेले.

सोनूबाईच्या शेजारी बसून मी यादी वाचली. तिनं डोळे बारीक केले. मला तिनं ओळखलेलं दिसत नव्हतं.

"शेवंती कुठं हाय?"

"ती नाही ना आता, सोनूबाई. शुभकार्यात…"

"नाय म्हणून बोलवायचं नाय? अगो, गेलेल्यांना आधी आवतन. जिती काय, जेवणाच्या वासानं येतील. लिव वर."

मी सगळ्यांत वर लिहिलं, शेवंती. तिचं नाव मी पहिल्यांदाच लिहीत होते. अक्षर वाकडं आलं.

"आता तिच्या पोरी सांग."

"सुलक्षणा, कल्पिता."

सोनूबाई पान चघळत थांबली. "तीन होत्या."

मी पुन्हा यादीवर बोट फिरवलं.

"तिसरीचं नाव मोठं हाय, मना तोंडात बसत नाय. शेवंतीनं आखूड करून दिलेलं. काय गो ते?"

"संगू," मी म्हटलं. स्वतःचाच आवाज मला परका वाटला. दोन वर्षांत ती हाक कुणी मारली नव्हती; कल्पिता शाळेतलं पूर्ण नावच घ्यायची.

"हां. लिव."

गाणं सुरू झालं. आधी गेलेल्यांना आवतन. शेवंतीचं नाव आलं तशी कल्पितानं पाटावरून मान वळवून दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. दारात चपलांचा ढीग होता आणि बाहेर वलांडीवर बोंबील सुकत होते, कुणीतरी नीट ओळीनं टांगलेले. काकी कुठून येणार? तरी आम्ही दोघी जरा जास्तच वेळ तिकडे बघत राहिलो.

मग मुलींची पाळी आली. तिसऱ्या नावाला कुणी हसलं नाही. कुणी काही विचारलंही नाही. आत्या फक्त हळदीची परात घेऊन माझ्यापुढे आली.

"बसलीस काय गो संगू? धर ही. माझा खांदा भरून आला."

मी वही सोनूबाईच्या मांडीवर ठेवली आणि परात धरली. ती जड होती.