मुंगसाने उष्टावलेला कोंबडा

रेचलबाईच्या कोंबड्या मारायचं मुंगूस आणि जेवायची शेजारची काशीबाई. वडखळजवळच्या त्या गावात हे वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. गावात ज्यूंचं आता हे एकच घर उरलेलं. त्यांच्या धर्मात जनावराने दात लावलेलं चालत नाही. कोंबडी धडधाकट हवी आणि हजानानेच कापायला हवी. हजान म्हणजे प्रार्थना चालवणारे सॅम्युएलकाका. ते अलिबागहून महिन्यातून एकदा यायचे. मुंगूस रोज यायचं.

बाईने काय करायचं बाकी ठेवलं होतं! खुराड्याला तारेची जाळी ठोकली, कुंपणाला मासेमारीचं जुनं जाळं बांधलं, कुत्रा पाळला. तो कुत्रा मुंगूस दिसलं की शेपूट हलवायचा. नुसता वैताग.

यंदा मात्र एक कोंबडा राखायचाच होता. मुलगा एझ्रा सहा वर्षांनी इस्रायलहून आला होता, तोही चार दिवसांसाठी. आईच्या हातचं, नारळाच्या रसातलं कोंबड्याचं कालवण, एवढंच त्याने फोनवर मागितलं होतं. कोंबडाही वस्ताद, मुंगसाची चाहूल लागली की थेट पेरूच्या झाडावर. पण रविवारी काका येणार, पकडापकडीत त्यांचा खोळंबा नको, म्हणून बाईने सकाळीच त्याचा पाय सुतळीने खुंटीला बांधला आणि ती नारळ खवायला आत गेली.

काका आले, पडवीच्या कडेला पाय धुऊ लागले, तेवढ्यात मागच्या परसात एकच कलकलाट. बाई धावली तेव्हा मुंगूस कुंपणाखालून सटकत होतं. कोंबडा जिवंत होता. पंखाखाली दोन दात लागले होते, रक्त थोडंसंच. पिसं सारखी केली की दिसतसुद्धा नव्हतं. तिच्याशिवाय कुणी पाहिलंही नव्हतं.

कोंबडा काखेत धरून ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग पुढे आली.

"काका, सुरी काढू नका," ती म्हणाली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. "मीच बांधला मेल्याला! मोकळा असता तर उडला नसता?" तिला संतापाने रडूच फुटलं.

काकांनी पंख उचलून पाहिला, मान हलवली, चहा घेतला आणि दोनची एसटी पकडली. कोंबडा नेहमीप्रमाणे काशीबाईकडे गेला.

एझ्रा उशिरा वरणभात जेवायला बसला, तर काशीबाई दारात हजर. काखेत तिचा स्वतःचा तांबडा कोंबडा.

"ह्यो घे गो. धड हाय, वरखडा पन नाय. तुझा पोर वरनभात खानार नि मी रस्सा वरपू? मना घास नाय गिलवत."

"आता आनतेस?" रेचलबाई कडाडली. "काका गेलं ना दोनच्या गाडीनं!"

"मंग काय झाला? तुमच्यातला दुसरा कोन तरी बोलव कापाया."

रेचलबाईने एझ्राकडे पाहिलं.

"कोनाला बोलवू, गो? समदी याच्यासारखीच गेली."

एझ्राने ताटावर मान खाली घातली.