वेंडल प्रुएटचं स्थळ

प्रमोदिनीबाई देवपुजारी तीन महिन्यांसाठी म्हणून आयर्लंडला आल्या, त्याला आता सोळावा महिना लागला होता. परतीचं तिकीट होतं मार्च दोन हजार वीसचं. विमानं बंद झाली, तिकीट गेलं, आणि डब्लिनजवळच्या ओंगारच्या, एक झाकावं नि दुसरं काढावं अशा घरांमधल्या सतरा नंबरात बाई राहिल्या त्या राहिल्याच. सरकारने मुक्कामाची मुदत वाढवली, मग परत वाढवली. तिसऱ्यांदा वाढवली तेव्हा त्या मुलाला म्हणाल्या, "मयूर, या सरकारला माझी फारच माया लागलेली दिसते बाप्पा."

बॅग मात्र जिन्याखाली भरून ठेवलेली होती. तिच्यातल्या रेशमी साड्यांना कोणी हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. रोजच्या चार सुती साड्या आणि वरून मयूरचं एक टाकाऊ जॅकेट, एवढ्यावर त्यांनी दोन हिवाळे काढले.

आता नागपुरात या बाई कोण होत्या, ते सांगायला हवं. धरमपेठेत त्यांनी एकतीस वर्षं वधू-वर सूचक मंडळ चालवलं. अर्ध्या धरमपेठेची लग्नं त्यांनी जमवली, आणि उरलेल्या अर्ध्या धरमपेठेची का जमली नाहीत ते त्यांना ठाऊक होतं. खरं म्हणजे लोक दुसऱ्या माहितीसाठीच जास्त यायचे. अशा बाईला ओंगारमध्ये काय काम? इथे मराठी माणूस येतो तोच लग्न उरकून, पुण्याहून, सोबत प्रेशर कुकर घेऊन. जमवण्यासारखं काही उरतच नाही. हिवाळाभर घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा हुकूम होता, आणि पाच किलोमीटरच्या आत बदकं होती. बदकांची लग्नं आपापली लागलेली होती.

त्यात दोन हजार एकवीसचा एप्रिल आला. नागपूरहून फोन यायचे ते ऐकवत नव्हते. ज्यांच्या लग्नात बाईंनी अक्षता टाकल्या, त्यातलं कोण ना कोण रोज जात होतं. शेवटी त्या फोन स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात, चहाच्या डब्यामागे ठेवायला लागल्या. वाजला तर डब्याला ऐकू जायचा.

सून भार्गवी बॉल्सब्रिजच्या एका लहानशा कंपनीत होती. ऑफिसला कुलूप, त्यामुळे ऑफिस जेवणाच्या टेबलावर. काम काय, तर अमेरिकेतल्या कॉलेजांत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांची माहिती तपासायची. आपला पायाने मारायचा फुटबॉल नव्हे. हातात धरून पळायचा, आणि पळणाऱ्याला चौघांनी मिळून आडवा करायचा, तो. दरवर्षी एप्रिलअखेर तिथले मोठे क्लब तीन दिवस बसून सात फेऱ्यांत कॉलेजांतली पोरं निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. क्लबने नाव घेतलं की पोराने जायचं. गाव कुठलं, हवा कशी, कोणी विचारत नाही.

हे ऐकून प्रमोदिनीबाईंना बऱ्याच महिन्यांनी बरं वाटलं. "आमच्या वेळी असंच होतं," त्या म्हणाल्या. "पोरीला मांडवात कळायचं कुठे पडलो ते."

एरवी या पोरांना एका शहरात गोळा करून क्लबवाले स्वतः फूटपट्टी लावतात, पळवून बघतात. यंदा साथीमुळे तो बाजार भरलाच नाही. मापं कॉलेजांनीच कळवली. आता कॉलेज आपल्या पोराची उंची कळवणार म्हणजे मुलाच्या मामाने मुलाचा पगार सांगण्यातला प्रकार. म्हणून व्हिडिओ बघून ती माहिती पडताळायची, आणि भार्गवीच्या वाट्याला लहान कॉलेजांतली चाळीस पोरं आलेली.

एका दुपारी बाई मटार सोलत मागे उभ्या होत्या. पडद्यावर एक पोरगा व्यायामशाळेतून बाहेर आला.

"हा किती म्हणतात?"

"सहा फूट दोन, आई."

"हट्! सहाला टेकला तरी नशीब."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दाराच्या चौकटीकडे बघ न. एकतीस वर्षं मी फोटो बघितले. पोट्टा कोणाचाही असो, दोन इंच घरचे घालतात. फोटोत स्कूटर असली तर स्कूटरवरून मोजायचं, नसली तर दारावरून."

भार्गवीने त्या कॉलेजच्या दाराची उंची शोधली, पडद्यावर पट्टी धरली. सहा फूट आणि वर जेमतेम केसांचा फुगा. त्या दिवसापासून सासूबाईंची खुर्ची टेबलाला लागली. ती का लागली हे ऑफिसला कोणी कळवलं नाही. भार्गवीचा साहेब डेक्लन फोनवर म्हणाला, "ग्रँड काम करतेयस, भार्गवी!" तर ती "थँक यू" म्हणाली आणि सासूबाईंनी मान डोलावली.

चाळिसांतला एकतिसावा वेंडल प्रुएट. मक्याच्या शेतांमधलं कुठलंसं कॉलेज. काम, लांबून आलेला चेंडू झेलणं. उंची कळवलेली पाच फूट अकरा, आणि निघाली पाच फूट अकरा. बाईंनी चष्मा काढून पुसला. "याच्या घरचे वेडे आहेत का? एक इंचसुद्धा नाही घातला?"

मग त्याच्या मुलाखतीचा व्हिडिओ लागला. पोरगा सोफ्यावर, शेजारी जाड भिंगाचा चष्मा लावून आजी, मिस अर्लीन. प्रश्न त्याला विचारला तरी आधी तो आजीकडे बघायचा. चार वर्षांपूर्वी मोठ्या कॉलेजाने बोलावलं होतं, गेला नाही. आजीला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं असतं. चार वर्षांत एक वार चुकवला नाही.

बाईंनी व्हिडिओ थांबवायला लावला. मग म्हणाल्या, "भार्गवी, तुझ्या त्या फॉर्ममध्ये 'अन्य माहिती' असा रकाना आहे न?"

"आहे. शेवटी."

"आमच्याही फॉर्मवर शेवटीच असतो. पण बघणारा आधी तोच बघतो. लिही. पोट्ट्याला घरची ओढ आहे. आजीला सोडून मोठ्या कॉलेजात गेला नाही. लिही, लिही! एकतीस वर्षांत असं स्थळ चारदा आलं माझ्याकडे. चारही टिकली."

भार्गवी सकाळी सातपासून स्क्रीनला चिकटलेली होती, नि संध्याकाळचे सात वाजले होते. आई म्हणाल्या तसं इंग्रजीत लिहिलं आणि पाठवून दिलं. तिलाही ते छानच वाटलं. लहानपणापासून तिनेही हेच ऐकलेलं, की आजीला सांभाळतो तो मुलगा चांगला. बाहेर दुसरं काही ऐकू येत असेल हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

ड्राफ्ट सुरू झाला गुरुवारी. शुक्रवारी दुपारी डेक्लनचा फोन.

"तुझा तो प्रुएट. एका क्लबच्या यादीत होता तो, पाचव्या-सहाव्या फेरीत घ्यायच्या. काढला त्यांनी."

"का?"

"तूच लिहिलंस ना, घर सोडून जात नाही म्हणून? क्लब दोन हजार मैलांवर आहे. महिनाभरात पळून परत जाणारा गडी कोण घेईल? बरं केलंस कळवलंस ते. हेच तर आपलं काम."

फोन स्पीकरवर होता. भार्गवीने वळून बघितलं तर बाईंच्या हातातला चहा तसाच.

"मी तर चांगलं लिहायला सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

"हो आई."

"मी आजवर खरं सांगून बावीस लग्नं मोडली, त्याचं मला काही वाटलं नाही. पण स्तुती करून मोडलेलं हे पहिलंच गं."

मयूर ऑफिसच्या कॉलवरून खाली आला, त्याला सगळं कळलं. तो समजावायला लागला, "आई, दुसरे क्लब आहेत की. अजून उद्याचा दिवस आहे. रिलॅक्स."

"तू वर जा," बाई म्हणाल्या. तो गेला.

शनिवार, एक मे. मराठी मंडळाने महाराष्ट्र दिन झूमवर ठेवला होता. बाईंच्या नावासमोर नुसता काळा चौकोन, कारण बाई टीव्हीसमोर होत्या. तिकडे दुपार, इकडे संध्याकाळचे पाच. एकेक नाव पुकारलं जात होतं. प्रत्येक नावाला कुठल्या तरी दिवाणखान्यात वीस माणसं उड्या मारायची, आई रडायची, क्लबची टोपी घातली जायची. बाईंना हे सगळं पाठ होतं, फक्त टोपीच्या जागी फेटा. त्यांचं लक्ष नव्हतं. उड्या न मारणारा एक दिवाणखाना कुठे तरी होता, आणि तिथे ती दोघं शेजारी शेजारी बसली असणार.

चौथी फेरी गेली. पाचवी गेली. वेंडल नाही.

सहावीच्या मध्यात बाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. "त्या घरचा नंबर आहे न तुझ्याकडे?"

"आई, आपण असं फोन नाही करू शकत. नियम आहे की…"

"क्लबवाल्यांनी विचारलं का त्या म्हातारीला?"

"नाही. कोणीच नाही विचारलं."

"मग झालं तर. स्थळाबद्दल शंका असली की मुलाला विचारत नाहीत, घरी विचारतात. मुलगा काय, आईसमोर काहीही बोलतो. लाव."

भार्गवी इतकी दमलेली होती की नियम आठवत बसण्यापेक्षा नंबर लावणं सोपं होतं. लावला. पलीकडे चष्मा आला, मग चष्म्यामागून मिस अर्लीन. भार्गवीने ओळख करून दिली. पुढे बाईंनी फोन हातात घेतला आणि शाळेत शिकवल्यासारखं एकेक इंग्रजी शब्द ठेवत सांगितलं: मी प्रमोदिनी, आयर्लंडहून बोलते. तुमच्या नातवाला घरची ओढ आहे असं मी लिहायला लावलं. चांगलं म्हणून. त्यांनी वाईट म्हणून वाचलं. त्याला यादीतून काढलं. चूक माझी आहे.

पलीकडे म्हातारी हसली. हसताना खोकली आणि परत हसली.

"अगं हनी, पण खोटं काय लिहिलंस? कुठे जातोय तो! चार वर्षं ढकलतेय मी त्याला. चर्चची गाडी आहे, मला ने-आण करायला माणसं आहेत. तर म्हणतो, त्यांना माझ्या चाकांच्या खुर्चीची घडी नीट घालता येत नाही."

"मग तो जाणार का?"

"तो म्हणेल नाही. त्याला विचारू नका." म्हातारीने कॅमेरा फिरवला. दाराबाहेर व्हरांडा, व्हरांड्यात एक निळी बॅग. "सोमवारी मी भरली आणि बाहेर ठेवली. रोज संध्याकाळी तो आत आणतो, रोज सकाळी मी बाहेर काढते. सांग त्यांना, आजीने घराबाहेर काढलाय म्हणून."

बाई त्या बॅगेकडे बघत राहिल्या. "चेन नीट लागली नाही तिची," त्या मराठीतच म्हणाल्या. मिस अर्लीनला ते कळलं असावं, कारण ती म्हणाली की बॅग जुनी आहे.

भार्गवीने डेक्लनला लिहिलं. अन्य माहिती, दुरुस्ती: खेळाडू घर सोडेल. आजीच्या प्रकृतीची सोय झालेली आहे. आजीने त्याची बॅग व्हरांड्यात ठेवली आहे. बॅगेचं वाक्य तिने दोनदा खोडलं. बाईंनी दोन्ही वेळा परत घालायला लावलं.

डेक्लनचं उत्तर आलं, "हे कोणी सांगितलं?"

"घरच्यांनी," भार्गवीने कळवलं.

सातवी फेरी सुरू व्हायच्या आत बाई उठल्या. बाहेर अजून संधिप्रकाश होता.

"शेवटपर्यंत नाही बघायचं?"

"पोहे मी देऊन आले," बाई म्हणाल्या. "आतल्या खोलीत काय बोलतात ते दाराला कान लावून ऐकायचं माझं वय गेलं आता." आणि जिना धरत धरत वर गेल्या. ही गोष्ट धरमपेठेत कोणाला सांगितली तर कोणी विश्वास ठेवायचं नाही.

रविवारी सकाळी भार्गवी त्यांच्या खोलीत आली. दोनशे एकोणसाठ नावं पुकारली गेली. वेंडल प्रुएट त्यात नव्हता.

बाईंनी मान हलवली. पाण्याचा तांब्या उगीच उचलून ठेवला.

"पण आई, ऐका ना. यादी संपली की क्लब उरलेल्यांना थेट फोन करतात. त्याच क्लबने रात्री केला. दोन आठवड्यांनी शिबिराला बोलावलंय. म्हणजे फक्त बघायला हं, तिथून परतही पाठवू शकतात. डेक्लन म्हणाला, ते बॅगेचं वाक्य तिथल्या कोचने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं."

"तो जाणार आहे?"

"हो म्हणालाय. आजीने फोन हिसकावून सांगितलं म्हणे."

"बघायला बोलावलं न, बस," बाई म्हणाल्या. "आमचं काम तिथवरच असतं."

आनंद झाला असेलच. पण आनंदालाही अंगात थोडं बळ लागतं, आणि ते त्या महिन्यात नव्हतं. त्या खाली आल्या, प्रेस उघडून चहाचा डबा काढला, मागच्या फोनवर नागपूरचे सात चुकलेले कॉल बघितले, आणि डबा परत होता तिथे ठेवला. मग जिन्याखाली वाकून बॅग बाहेर ओढली.

मयूर धावत आला. "आई! कुठे निघालीस? अगं, विमानं नाहीयेत!"

"ठाऊक आहे रे मला."

त्यांनी चेन उघडली आणि सोळा महिन्यांत पहिल्यांदा रेशमी साड्या बाहेर काढल्या. मोरपंखी साडीला घडीवर बारीक चीर गेली होती. त्यांनी त्या चिरेवरून बोट फिरवलं, मग एकेक साडी सोफ्यावर झटकली आणि उलट्या बाजूने घडी घालायला घेतली. दुसरं टोक भार्गवीने धरलं. सहा साड्या झाल्या. बाईंनी त्या एकावर एक रचून पुन्हा बॅगेत घातल्या.

"परत भरताय, आई? कपाटात राहू दे की. मी जागा करते."

"नको गं," प्रमोदिनीबाई चेन ओढत म्हणाल्या. "त्या अर्लीनबाईने नातवाची भरून व्हरांड्यात ठेवली. माझी तुम्ही कोणी व्हरांड्यात काढाल तेव्हा काढा. तोवर भरलेली असू दे."

चेन अर्ध्यावर अडकली. मयूरने वाकून ती लावून दिली आणि बॅग पुन्हा जिन्याखाली सरकवली.