सिस्टरांची छावणी

सिस्टर तोंडी नकार घेत नसत. खालापूरच्या तहसील कचेरीत त्या पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा मी सगळ्यांना सांगत असे तेच त्यांनाही सांगितलं, की बाई, हे होण्यातलं काम नाही. त्यांनी छत्री टेबलाच्या कडेला अडकवली, पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "तोंडी नाय मी घेत नाय, भाऊसाहेब. का होणार नाय, ते यावर लिवून द्या." मला नोकरीला लागून पाच वर्षं झाली होती. नाही म्हणण्यासाठी मला आजवर कुणी कागद पुरवला नव्हता. मी चहाला म्हणून उठलो आणि चांगला अर्धा तास काढून परत आलो, तर कागद होता तिथेच होता आणि सिस्टरही होत्या तिथेच होत्या.

सिस्टर चौक गावच्या. सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. त्यांचं नाव मलाही अर्जावरच वाचायला मिळालं. छप्पन्न साली बुद्धाला शरण गेलेल्या घरांची जी वस्ती गावाच्या खालच्या अंगाला आहे, तिथे त्या एकट्या राहत. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. पंचक्रोशीतली निम्मी पोरं मात्र त्यांच्या हातावर जन्मलेली. मुंबई-पुणे रस्त्याला लागून त्यांची दोन एकर जमीन होती, खडकाळ, भात जेमतेम एका कोपऱ्यात. पण रस्त्यालगतची, म्हणून ढाबेवाले तिच्याभोवती घिरट्या घालत. बाई एकटी आहे, आज ना उद्या विकेल, असा सगळ्यांचा होरा होता. सिस्टरांचं उत्तर ठरलेलं असे: "विकायची नाय, आन् पडीकबी ठेवायची नाय."

त्या जमिनीचं काय करायचं, हे त्यांना एका बिघडलेल्या गाडीने शिकवलं. तेव्हा युरोपातून गोव्याकडे निघालेल्या लांबड्या गाड्या या रस्त्याने जात. आत बिछाना, स्टोव्ह, भांडीकुंडी, सगळा संसार. अशीच एक गाडी चौकच्या गॅरेजपाशी बंद पडली. मुंबईहून सुटा भाग यायला अकरा दिवस लागणार होते. गाडीत नवरा, बायको आणि तापाने फणफणलेली लहान मुलगी. सिस्टरांनी मुलीला बरं केलं आणि गाडी ढकलत आणवून आपल्या आंब्याखाली उभी करवली. जाताना त्या बाईने खाणाखुणा करून सांगितलं, की आमच्याकडे शेतकरी अशा गाड्यांसाठी आणि तंबूंसाठी रान राखून ठेवतात, रीतसर परवानगी घेऊन. त्यातलं 'परवानगी' सिस्टरांना गॅरेजवाल्याने समजावलं. पुढच्याच सोमवारी त्या कचेरीत हजर झाल्या.

फिरत्या गाड्या व तंबू यांची छावणी काढण्यास परवानगी मिळणेबाबत, असा अर्जाचा विषय होता. आमच्या कचेरीत त्यावर आठवडाभर हसणं चाललं. सर्कस काढताय का, असं कुणीतरी त्यांना तोंडावर विचारलंही. छावणीचा नमुना आमच्याकडे नव्हता. तंबूचा म्हणून एकच छापील फॉर्म होता, जत्रेतल्या टुरिंग टॉकीजचा, तोच मी टिंगलीने त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो भरून आणला. 'प्रेक्षकसंख्या' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, "प्रेक्षक नाहीत. झोपणारे वीस." मग वरून शेरा आला, की ज्या गाडीत माणसं झोपतात ती गाडी समजावी की इमारत, याचा अर्जदाराने खुलासा करावा. सिस्टरांनी खुलासा केला: "चाके फिरत असल्यास गाडी. फिरत नसल्यास गॅरेजवाल्यास विचारावे." हे वाक्य आमच्या साहेबांनी दोनदा वाचलं आणि त्या दिवसापासून कचेरीतलं हसणं थोडं कमी झालं.

अडलं ते ग्रामपंचायतीत. आमची कसली हरकत, असं तोंडाने सगळे म्हणत, पण ना-हरकत दाखला निघेना. दीड वर्ष सिस्टर दर सोमवारी एसटीने खालापूरला येत आणि मला विचारून जात. शेवटी कागद आला. त्यात एकच ओळ होती: सदर जागी पिण्याच्या पाण्याची सोय नसल्याने दाखला देता येत नाही. ती वाचून दाखवताना मला वाटलं, बाई आता खचणार. सिस्टर खुश झाल्या. म्हणाल्या, "लिवून दिलं ते झ्याक केलं. तोंडातलं खोटं धरता येत नाय, कागदावरचं येतं."

त्यांच्या जमिनीत विहीर होती. सासऱ्यांनी खणलेली, आणि भर मे महिन्यातसुद्धा तिचं पाणी हातभरही खाली जात नसे. सगळी वस्ती त्या पाण्यावर जगत होती. ग्रामपंचायतीला ती दिसली नाही, याचं कारण चौकमध्येच नव्हे, कर्जत-खालापुरात सगळ्यांना माहीत होतं, आणि मलाही होतं. सिस्टरांनी स्थळपाहणीचा अर्ज टाकला. तो फेटाळायला साहेबांना कारण सापडलं नाही.

स्थळपाहणी मे महिन्यात, भर दुपारी बाराला झाली. आमचे सर्कलसाहेब, पंचनामा लिहायला मी, आणि गावातले पाच पंच. त्यांत वयाने मोठे पोलीस पाटील होते आणि सर्वांत लहान तो गॅरेजवाला. इर्शाळगडाकडून भाजून येणारा वारा, सावलीला एक आंबा. पाहणी होईपर्यंत सगळ्यांच्या जिभा टाळूला चिकटल्या होत्या. सिस्टरांनी विहिरीतून पोहरा काढला, तांब्या भरला आणि आंब्याखाली आमच्यामधे ठेवला. सर्कलसाहेब म्हणाले, आत्ताच चहा झाला. एक पंच म्हणाले, उपास आहे. बाकीचे डोंगराकडे पाहू लागले.

सर्कलसाहेब मला मजकूर सांगू लागले, की विहीर आढळली, परंतु पाणी पिण्यायोग्य असल्याची खात्री झाली नाही. सिस्टरांनी मला हाताने थांबवलं आणि विचारलं, खात्री का झाली नाही, तेही लिहिणार ना? साहेब वैतागून म्हणाले, पिऊन पाहिलं नाही म्हणून.

"मग का पिऊन पायलं नाय, तेबी लिवा," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. दवाखान्यात औषध कधी घ्यायचं ते सांगत असतील, तसाच होता. "ऊन हाय, तान लागल्या, पाणी समोर हाय. न पिण्याचं कारण लिवा आन् पाची जण खाली सह्या करा. मी हरकत घेणार नाय. गावच्या विहिरीत पावडर टाकायला सव्वीस वर्सं माझा हात चालला. माझ्या विहिरीचं पाणी का चालत नाय, ते एकदा कागदावर येऊ द्या."

ते कारण मनात बाळगणं सोपं होतं, वस्तीच्या विहिरीला वळसा घालून जाणंही सोपं होतं. सहीनिशी लिहिणं म्हणजे शिवाशिवीच्या गुन्ह्याची कबुली होती, आणि हे तिथे पोलीस पाटलांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, तांब्या उचलला आणि न थांबता निम्मा संपवला. मग गॅरेजवाल्याने घेतला. त्याच्याकडे बघून सिस्टर म्हणाल्या, जन्मल्यावर पहिला थेंब तू माझ्याच बोटावरचा चाटलायस, तुला काय नवीन. तो लाजून हसला. उपासवाले प्यायले, उरलेले दोघेही प्यायले. सर्कलसाहेबांनी ओंजळ पुढे केली, भांड्याला हात न लावता प्यायले, तरी प्यायले.

मी लिहीत होतो. म्हणजे लिहिण्यासारखं काही नव्हतं, पण मी खाली मान घालून पेन चालवत होतो. आमचं घर कर्जतच्या बाजारपेठेतलं, वडील वकील, दिवाणखान्यात इंग्रजी पुस्तकांचं कपाट. आम्ही सुधारलेले, असं आमचं आम्हीच म्हणत असू. दीड वर्ष मी या बाईंच्या बाजूचा आहे, असं स्वतःला सांगत होतो. आणि तांब्या माझ्यासमोर आला तेव्हा माझा हात उठेना. सिस्टरांनी ते पाहिलं. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब. तुमी पंचात नाय. तुमी नाय प्यालात तरी माझं काम होतंय."

मग मी प्यायलो. सगळ्यांत शेवटी. पंचनाम्यात मी लिहिलं, की पाणी पंचांसमक्ष पिऊन पाहिले असता पिण्यायोग्य आढळले. सिस्टरांनी वाचून घेतलं आणि 'पिण्यायोग्य व गोड' असं करायला लावलं. गोड लिहायची पद्धत नाही, असं सर्कलसाहेब म्हणाले. कडू लागलं का, असं सिस्टरांनी विचारलं. शब्द राहिला.

परवानगी पावसाळ्यानंतर आली, एका वर्षापुरती आणि अकरा अटींसह. सिस्टरांनी अकराही अटी भिंतीवर चिकटवल्या आणि अक्षरशः पाळल्या, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही. रस्त्याच्या कडेला त्यांनी पत्र्याची पाटी ठोकली. त्यावर वर 'छावणी', खाली 'पाणी गोड आहे', आणि त्याखाली आमच्या कचेरीचा जावक क्रमांक. चौकहून खोपोलीला जाणाऱ्या प्रत्येकाला ती पाटी वाचावी लागे. ती काढा, असं सांगायला दोघे-तिघे गेले. सिस्टरांनी त्यांच्यापुढे कोरा कागद धरला. पाटी राहिली. परदेशी गाड्या पुढे येईनाशा झाल्या, तर इर्शाळगड चढायला येणारी मुंबईची कॉलेजची मुलं तंबू ठोकू लागली. दर वर्षी नूतनीकरणाला सिस्टर स्वतः येत. वस्तीतल्या दोन बायकांना त्यांनी तिथे बारमाही काम दिलं.

माझी म्हसळ्याला बदली झाली, तेव्हा मी निरोप घ्यायला गेलो. त्या आंब्याखाली कंदिलांच्या काचा राखेने पुसत बसल्या होत्या. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर, मनात तीन वर्षं घोळवलेलं मी बोललो. म्हणालो, त्या दिवशी मी शेवटी प्यायलो, त्याची लाज वाटते, मला माफ करा. माझी अपेक्षा होती, की त्या म्हणतील, जाऊ द्या हो, झालं गेलं. आपल्याकडे असंच म्हणतात. सिस्टरांनी हातातली काच उजेडात धरून पाहिली आणि खाली ठेवली.

"माफ नाय करायची मी," त्या म्हणाल्या. "माफ केलं की तुमी इसरून जाल. तुमी चांगलं माणूस हायसा, म्हणून सांगते. दुसऱ्या कुणाला माफ केलं असतं."

त्यांनी मला चहा दिला, फाटकापर्यंत आल्या आणि फाटक नीट लावून घ्यायला सांगितलं, गुरं शिरतात म्हणाल्या. त्यानंतर आमची भेट झाली नाही. त्या गेल्याचं मला गॅरेजवाल्याच्या पत्रातून दोन महिन्यांनी कळलं.

पुढे मी सर्कल झालो, नायब तहसीलदार झालो. शेकडो स्थळपाहण्या केल्या. एकदा एका वस्तीतल्या म्हाताऱ्या अर्जदाराने आमची पंचाईत होऊ नये म्हणून बाजारातून सोड्याच्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या. तो हात जोडून उभा होता. अडून बसणं त्याला या जन्मात जमलं नसतं. मी बाटली बाजूला सारली आणि त्याच्या विहिरीचं पाणी मागितलं. त्याला आधी खरं वाटेना. मग तो धावत जाऊन तांब्या घेऊन आला आणि साहेब हातातून घेत नाहीत या सवयीने माझ्या शिपायापुढे धरू लागला. मी उठून त्याच्या हातातून तो घेतला आणि सगळ्यांत आधी प्यायलो.