नापास मास्तरांची पेन्शन

नोकरीत असेपर्यंत माणसाकडं नुसत्या तक्रारी असतात. रिटायर झाला की त्याच तक्रारींचे किस्से होतात, आणि ते ऐकायला त्याला दुसरे रिटायर लोक लागतात! हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर काही वर्षांनी मी तुळजापूरच्या तहसील कचेरीत पेन्शनच्या टेबलावर बसलो. माझ्या खिडकीबाहेर उंच ओटा होता. दर पहिल्या तारखेला तिथं सगळे पेन्शनर जमायचे. काम घटकाभराचं, पण बसायचे दुपारपर्यंत. मी आत सह्या घ्यायचो आणि कान बाहेर ठेवायचो. आता मीच रिटायर झालोय, तरी तो साठा काही सरत नाही.

*

पेन्शनर जिवंत आहे आणि तो तोच आहे, हे साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, असा नियम होता. त्यासाठी पेन्शनच्या पुस्तकात प्रत्येकाची एखादी खूण लिहिलेली असे. निजामाच्या पोलिसात जमादार असलेल्या खाजामियाँची खूण होती उजव्या गालावरची चामखीळ.

त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. घरच्या बायकांनी हट्ट धरला, की पाहुण्यांसमोर ही चामखीळ नको. टांगेवाल्याकडून घोड्याचा केस आणून बांधला. लग्नाच्या आत चामखीळ गळून पडली. जमादार लग्नात नवरदेवापेक्षा देखणे दिसले म्हणतात!

पहिल्या तारखेला ते साहेबांपुढं उभे राहिले. साहेब पुण्याकडून नवेच आलेले, कडक. त्यांनी पुस्तक बघितलं, गाल बघितला, पुन्हा पुस्तक बघितलं.

"चामखीळ कुठं आहे?"

"गिर गयी साहब. नातीच्या लग्नात काढली."

"मग मी तुम्हाला ओळखू कसं? पेन्शन द्यायची कोणाला?"

जमादारांनी टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. "जिस गाल पे थी, उस गाल को दो, साहब!"

साहेबांना हसू आवरेना. पुण्याचा माणूस आमच्या कचेरीत पहिल्यांदा हसला तो त्या दिवशी.

*

ओट्यावर सगळ्यांना काळजी होती ती मात्र नरहरी मास्तरांची. मास्तर प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले, मूलबाळ नाही, राहायला भाड्याचं घर. त्या वेळी नवरा गेला की पेन्शनही त्याच्याबरोबर जायची. बायकोला छदाम मिळत नसे. मास्तरांना एकच घोर, आपल्यामागं गोदाकाकूंचं कसं होणार?

त्यांनी तोडगा काढला. देवळाच्या वाटेवर वडिलांची थोडी मोकळी जागा होती. पेन्शनचा काही हिस्सा सरकारला विकायचा, एकरकमी पैसे घ्यायचे, तिथं एक खोली बांधायची आणि यात्रेकरूंना भाड्यानं द्यायची. सोलापूरच्या मोटारी भरभरून येतच होत्या. म्हणजे काकूंची जन्माची सोय.

पण पेन्शन विकायची तर हा माणूस अजून बरीच वर्षं जगेल, असं सरकारी डॉक्टरनं लिहून द्यावं लागे. उद्या मरणाऱ्याची पेन्शन सरकार कशाला विकत घेईल?

मास्तरांनी परीक्षेसारखी तयारी केली. महिनाभर दूध, खारीक आणि सूर्यनमस्कार! ठरल्या दिवशी दोघं जिल्ह्याच्या गावी गेले. डॉक्टरांची खोली माडीवर. आपण किती ठणठणीत आहोत हे दिसावं म्हणून मास्तर सगळ्या पायऱ्या पळत चढले आणि तसेच डॉक्टरांसमोर जाऊन बसले.

डॉक्टरांनी नाडी धरली, छातीला नळी लावली. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

काकू म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पायऱ्या चढून आलेत ते. जरा दम खाऊ द्या."

"बाई, तुम्ही मध्ये बोलू नका," असं म्हणून डॉक्टरांनी लिहिलं, हृदय कमजोर आहे.

अर्ज नामंजूर! जन्मभर पोरांना नापास करणारे मास्तर म्हातारपणी स्वतःच नापास झाले. घरी येऊन बाजेवर पडले ते भिंतीकडं तोंड करून. जेवेनात, बोलेनात. आपण आता काही दिवसांचे सोबती, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं.

शेवटी काकू ताट घेऊन बाजेजवळ बसल्या. "एकदम पास नाही केलं ना त्यांनी? मग आता दर पहिल्या तारखेला परीक्षा द्या. तुम्ही फक्त पास होत चला, खोली मी उठवते."

मास्तर उठून जेवले.

*

त्या महिन्यापासून काकू मास्तरांबरोबर कचेरीत यायला लागल्या. पेन्शन हातात पडली की निम्मी घरखर्चाला आणि निम्मी तिथूनच गवंड्याकडं. एखाद्या महिन्यात दगड, एखाद्या महिन्यात चुना. मास्तरांना तळलेलं बंद, दुपारची झोप सक्तीची, संध्याकाळी फिरणं. मास्तर कुरकुरायचे, "शाळेत असताना एवढी शिस्त न्हवती!"

ओट्यावरची मंडळी मास्तरांची तब्येत कधी विचारत नसे. काकूंना विचारायची, "काय काकू, कुठवर आली?"

"जोत्यापर्यंत."

मग काही महिन्यांनी, "खिडकीपर्यंत."

त्यात सगळं कळायचं.

*

बापूराव पेशकारांचं प्रकरण वेगळंच. जुन्या राजवटीत कागदांवर फसली सन चालायचा, त्याचा आकडा शकापेक्षा पाचशेच्या वर वर्षांनी मागं. बापूरावांचं जन्मसाल नोकरीच्या पुस्तकात फसली सनानं लिहिलेलं. वरच्या ऑफिसात कोणी नवा कारकून आला होता, त्यानं ते शके समजून हिशेब केला. पत्र आलं, की सदर इसमाचे वय पाचशेच्या वर दिसते, तरी खुलासा करावा!

मी हे पत्र बापूरावांना वाचून दाखवलं. पेन्शन अडकली म्हणून बिचारे उदास होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी शांतपणे पान जुळवलं, तोंडात टाकलं आणि म्हणाले, "खुलासा कशाचा? वय बरोबर हाय म्हणून लिहा. फक्त थकबाकी बहामनी राजांपासून काढा म्हणावं!"

*

आमच्याच कचेरीतला शिपाई लिंबाजी. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशात त्यानं म्हैस घेतली. मी म्हटलं, "लिंबाजी, पैसे पोस्टात ठेवायचे."

"पोस्ट काय दूध देतंय व्हय साहेब? सरकारची पेन्शन म्हैन्याला एकदा. हिची रोज दोनदा!"

वर्षभर त्यानं ओट्यावर सगळ्यांना खरवसाच्या गोष्टी सांगून जीव नको केला. मग म्हैस आटली. लिंबाजी खालमानेनं आला.

"काय झालं रे?"

"तीबी रिटायर झाली. आता आमी दोगं बी एकमेकांकडं बघत बसतो. फरक एवढाच, मी पयल्या तारखेला हितं येतो, अन् तिला सरकार काय देत न्हाय!"

ती म्हैस पुन्हा व्याली तेव्हा लिंबाजीनं पहिला खरवस मास्तरांना नेऊन दिला. काकूंनी तो मास्तरांना चमचाभरच दिला, हे त्याला फार लागलं.

*

खोलीच्या भिंती झाल्या, फक्त पत्रे राहिले, आणि मास्तर तापानं आजारी पडले. पहिली तारीख आली. माणूस समोर दिसल्याशिवाय पेन्शन नाही. काकूंनी मास्तरांना घोंगडीत गुंडाळून बैलगाडीतून कचेरीपुढं आणलं. जमादार, बापूराव, लिंबाजी सगळे ओट्यावरून खाली उतरले. मास्तरांचे डोळे मिटलेले होते, ओठ सुकलेले.

मी साहेबांना बोलवायला गेलो. साहेब नियमाचे, पण टेबल सोडून गाडीपाशी आले. वाकून त्यांनी हाक मारली, "नरहरी मास्तर?"

काहीच नाही.

साहेबांनी पुन्हा, जरा मोठ्यानं, हजेरी घेतल्यासारखं नाव पुकारलं.

डोळे न उघडता मास्तर म्हणाले, "हजर!"

जन्मभर पोरांकडून ऐकलेला तो शब्द. साहेबांनी गाडीच्या साटीवर कागद ठेवून सही केली आणि पटकन आत गेले. माझेही डोळे भरून आले होते, मी कशाला लपवू? त्या महिन्यात अर्धे पत्रे चढले. ताप उतरल्यावर उरलेले.

*

खोली पूर्ण होऊन रंग लागला, तेव्हाची गोष्ट. पहिलीच तारीख होती. एक गोरे, उंच गृहस्थ काठी टेकत कचेरीच्या पायऱ्या चढून आले. कुलदैवत तुळजापूरचं, बायको वारलेली, म्हणून रिटायर झाल्यावर इथंच राहायला आलेले. पहिलीच पेन्शन घ्यायची होती. ओट्यावर टेकताना त्यांना धाप लागली होती.

मास्तर त्यांच्याकडं बघतच राहिले. मग काकूंना त्यांनी कोपरानं ढोसलं. काकूंनीही ओळखलं. तेच डॉक्टर!

डॉक्टरांनी काही ओळखलं नाही. त्यांनी आयुष्यात अशी किती माणसं तपासली असतील. ते जमादारांना विचारू लागले, "इथं कुठं राहायला एखादी खोली मिळेल का हो? धर्मशाळेत किती दिवस काढायचे!"

सगळे काकूंकडं बघायला लागले.

काकू म्हणाल्या, "आमची आहे. नवीन आहे. तुम्हीच पहिले."

"अगदी देवासारख्या भेटलात," डॉक्टर म्हणाले.

मास्तर सरकत सरकत त्यांच्या शेजारी आले. चष्मा नीट केला. "थांबा डॉक्टरसाहेब. कायमचा भाडेकरू ठेवायचा म्हणजे आधी तब्येत बघायला पायजे. हात द्या."

डॉक्टर गोंधळले, पण त्यांनी हात पुढं केला. मास्तरांनी त्यांची नाडी धरली, डोळे मिटले, आणि कपाळाला हळूहळू आठी घातली.

काकूंनी मास्तरांचा हात बाजूला केला.

"पायऱ्या चढून आलेत ते," त्या म्हणाल्या. "जरा दम खाऊ द्या."