गुन्हा कबूल न्हाय

मालकाच्या पोरानं माझी मान धरली आन् तोंड वाळूत दाबलं. लोखंड ओतायच्या फौंड्रीतली काळी वाळू, अजून गरम. नाकात गेली, दातांत गेली, पापणी भाजली. काय केलतं मी? हापिसातल्या कूलरचं पाणी प्यालते. "तुमच्या लोकांना लई मस्ती आलीया!" असं वरडत हुता. संगतीच्या बाया बघत उभ्या. एकीचा हात पुढं आला न्हाय.

ठाण्यात गेले, तर पोलीस म्हणाले, "मिटवून घ्या." मग शिफ्ट सुटताना कारखान्याच्या गेटवर उभी ऱ्हायले आन् समदं सांगितलं. त्याचं नाव घेऊन, बोंब मारून. कुणीतरी मोबाईलवर घेतलं, ते कागलपासनं मंगळवार पेठंपतोर फिरलं. मला कामावरनं काढलं. वर कोर्टाचं समन्स. अब्रुनुकसानी! आरं, पापणी माझी भाजली आन् अब्रू तुझी गेली व्हय रं? चोराच्या उलट्या बोंबा.

तारखेला कोर्टाच्या जिन्यातच त्यानं गाठलं. संगं दोन वकील. बूट पुढं केला.

"पाय धर. खोटं बोलले म्हण. केस काढून घेतो. न्हाईतर आत बसशील."

गावाकडनं, नेसरीवरनं, माझा दीर आलता. तो कानात म्हणाला, "धरा की वैनी. मोठ्यांच्या नादाला लागू नगा."

मी वाकले. व्हय, वाकले. एक गुडघा फरशीला टेकला बी. तेवढ्यात माझ्या नावाचा पुकारा झाला.

आत साहेबांनी इचारलं, "आरोप समजला का?"

"व्हय जी."

काय डोंबल समजलं हुतं! पर आईनं तेवढंच शिकवलेलं. मोठा माणूस बोलला की आदी व्हय जी म्हणायचं, काय इचारलं ते मागनं बघायचं. तिला बी तिच्या आईनं तेच शिकवलं आसंल.

"गुन्हा कबूल आहे?"

परत तेच व्हय जी तोंडाशी आलं. तवर त्याचा एक वकील फिसकन हसला. माझं डोस्कंच फिरलं. वाटलं, त्या मालकाच्या पोराचा बूट काढावा आन् दोघांची थोबाडं फोडावीत.

"न्हाय!" मी वरडले. "कबूल न्हाय! खरं तेच बोलले मी. त्येचं दोन वकील हायत, मला एक बी न्हाय. वकील मिळंस्तवर मी एक शबुद बोलणार न्हाय."

"आवाज खाली," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "सरकारी खर्चानं वकील मिळतो तुम्हाला. हक्क आहे तुमचा."

हक्क! आन् ठाण्यापासनं जिन्यापतोर एकानं सांगितलं न्हाय. पाय धर, एवढंच सांगितलं समद्यांनी.

आता वकीलबाई मिळाल्यात. काम कोण देत न्हाय, दीर बोलत न्हाय. चालतंय. केस त्यानंच घातलीया, तवा पुढच्या तारखेला साक्षीला पिंजऱ्यात तो चढणार हाय. माझ्या वकीलबाई भर कोर्टात इचारणार, बाईचं तोंड गरम वाळूत दाबलं का? आता व्हय का न्हाय ते त्यानं सांगायचं. मी समोर ताठ उभी ऱ्हाऊन ऐकणार.